पहिल्या नळीचा रंग

गुलाबी रंगाचं एवढं काय कौतुक, असं कुणीही म्हणेल. पण बबिताला होतं, आणि का नसावं? आष्टीच्या कॉलेजातल्या मागच्या खोलीत चार वर्षं ती याच रंगाची वाट बघत बसली होती. साडीवरचा नव्हे, लग्नातल्या अक्षतांचाही नव्हे. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या नळीत, पाण्यासारख्या नितळ द्रवात दोन थेंब टाकले की सावकाश उतरणारा गुलाबी. तो जितका गडद, तितकी बबिताची पीएचडी जवळ.

हे प्रकरण काय ते आधीच सांगितलेलं बरं. मनगटाच्या वर तीन बोटं सोडून, आतल्या बाजूला, दोन शिरांच्या मधोमध एक जागा असते. तिथं केसासारखी बारीक सुई टोचायची, सुईला तार जोडायची आणि तारेतून जरासा करंट सोडायचा. हात झणझणतो, मुंग्या आल्यासारखं होतं. बबिताचे मार्गदर्शक डॉक्टर अमरसिंह, त्यांचं म्हणणं असं की कातडी म्हणजे नुसती अंगावरची खोळ नव्हे. तीसुद्धा बोलते, फक्त तिचं बोलणं रसायनांत असतं. असा करंट दिला की त्या जागी कातडीतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सुटतो, खालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त धावतं, जागा कोमट होते आणि दुखणं उतरतं. दुखणं उतरतं असं लोक सांगत होतेच. पण सांगण्याला शास्त्रात कोण विचारतो? वायू पकडून दाखवा म्हणतात.

पकडायची रीत अशी, की सुई काढली रे काढली की त्याच जागेवर नळीचं उघडं तोंड चिकटवायचं, वरच्या भोकातून द्रव सोडायचा आणि वीस मिनिटं हात हलवायचा नाही. मग तो द्रव काढून त्यात तपासणीचे दोन थेंब टाकायचे. वायू उतरला असेल तर गुलाबी, नसेल तर पाणी ते पाणी. दुसऱ्या हातालाही तशीच सुई, तशीच तार, फक्त करंट नाही. कुठल्या हाताला करंट द्यायचा ते चिठ्ठी उचलून ठरायचं, म्हणजे कुणी लबाडी केली असं म्हणायला जागा नको. अडतीस माणसं झाली होती. करंटच्या हाताची नळी गुलाबी आणि दुसरी फिकी, असं जवळजवळ सगळ्यांचं.

त्यातली पहिली नळी खुद्द बबिताची. करंटचं यंत्र नवंकोरं आलं तेव्हा हात पुढं करायला कुणी तयार होईना. शिपायानं रजा टाकली, कारकुनाला अचानक मणक्याचं दुखणं आठवलं. मग बबिताच बसली. डॉक्टरांनी सुई टोचली, नळी लावली, आणि जो काही गुलाबी उतरला म्हणता! दुसऱ्या हाताच्या तिप्पट. डॉक्टरांनी त्या दोन नळ्यांचा फोटो काढून घेतला. तोच फोटो पुढं प्रत्येक भाषणात पडद्यावर यायला लागला, आणि बबिताच्या वडिलांनी, गहिनीनाथ आबांनी, तो मोठा करून घरात देव्हाऱ्याच्या बाजूला लावला. आलागेला विचारायचा, हे काय हो? ते सांगायचे, आमच्या बबीचा हात बोलला तेव्हाचा फोटू आहे.

आता येत्या सोमवारी पुण्याहून तीन परीक्षक यायचे होते. ते वह्या बघणार, नळ्या बघणार, समोर एक-दोन प्रयोग करायला लावणार आणि मग सांगणार, हे काम टिकतं की नाही. टिकलं तर बबिता डॉक्टर होणार. ती ज्या माळावरच्या धनगरवस्तीतून आली तिथं आजवर डॉक्टर आला होता तो मेंढरांना लस टोचायलाच. नाही टिकलं तर चार वर्षं पाण्यात, वय अठ्ठावीस, आणि पुन्हा पहिलीपासून पाढे म्हणायला कॉलेज काही तिला बसवून ठेवणार नव्हतं. तिला हे पक्कं माहीत होतं, म्हणून ती आठ दिवसांपासून नीट जेवत नव्हती.

प्रयोगाला बसणारी बहुतेक माणसं वस्तीवरचीच. उभा जन्म मेंढरांमागं चालून आणि लोकर कातरून त्यांची मनगटं कामातून गेलेली. बबिताची आई चतुराबाई तर सकाळी भाकरी थापताना रडकुंडीला यायची. तिला सुईनं गुण आला. दोन-दोन दिवस हात हलका राहतो म्हणायची, आणि गुरुवारच्या गुरुवारी बाजाराच्या निमित्तानं कॉलेजात येऊन बसायची. तिच्या सांगण्यावरूनच बाकीची वस्ती आली होती. लेकीच्या खोलीत बसून ती आल्यागेल्याला सांगायची, भिऊ नका, बाभळीच्या काट्यापुढं ही सुई म्हणजे काहीच नाही. बबिताला त्या बोलण्याचा अभिमानही वाटायचा आणि थोडी लाजही. माणसाचं असंच असतं.

घोळ उघडकीला आला तो हरिबामुळं. हरिबा म्हणजे वस्तीवरचा सगळ्यात जुना मेंढका, गालात तंबाखूची गोळी आणि डोक्याला लाल पागोटं. गुरुवारी त्याची पाळी झाली, एकोणचाळिसावी. त्याच्या करंटच्या हाताची नळी अशी गडद झाली की रंग मोजणाऱ्या यंत्राला आकडाच सांगता येईना. बबिता खूश होऊन नळी उजेडाला धरायला गेली, तर तळाशी काहीतरी तपकिरी दिसलं. तिनं चिमट्यानं ते बाहेर काढलं, कागदावर घेतलं, भिंगाखाली धरलं. तंबाखू होती. तंबाखूचा एक बारीक कण.

कातडीला घट्ट चिकटवलेली नळी, तिच्यात तंबाखू शिरलीच कशी? हरिबाला विचारावं तर तो तोवर बाजारात निघून गेला होता. पुढची पाळी चतुराबाईची. बबिता कुणाला काही बोलली नाही. नेहमीसारखी सुई टोचली, वीस मिनिटं करंट दिला, सुई काढली आणि नळी आणायला कोपऱ्यातल्या फ्रीजकडं वळली. फ्रीजशेजारी काचेचं कपाट होतं. एरवी तिनं त्या काचेत कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. काचेत तिची माय होती. मायनं अंगठा तोंडात घातला, जिभेवर फिरवला आणि जिथून सुई निघाली होती तिथं हळूच चोळला. दोनदा. मग पुन्हा शहाण्यासारखा हात टेबलावर ठेवून दिला. दुसऱ्या हाताला तिनं बोटही लावलं नाही.

त्या क्षणी बबिताला सगळं कळलं. आपली शिकलेली पोरं कळल्यावर काय करतात? ओरडतात. तीही ओरडली. बाकावर वस्तीवरची चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर ओरडली. काय घाण सवय ही, म्हणाली. चार वर्षं चुलीत घातलीस माझी, म्हणाली. तुम्हाला माणसात बसायची अक्कल कधी येणार, असंही म्हणाली, आणि ते ‘तुम्हाला’ एकट्या मायला नव्हतं, हे बाकावरच्या चौघांनाही समजलं.

चतुराबाई आधी बावरली. तिला आपलं काय चुकलं तेच कळेना.

“झोंबलं की लावतेत थुंकी,” ती म्हणाली. “त्यात कावून वरडतीस?”

चतुराबाईनं हात पदराखाली घेतला, पिशवी उचलली आणि स्टँडकडं चालायला लागली. बाकावरची चौघंही तिच्यामागं गेली.

झोंबलं की थुंकी. माळावर राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाभळीचा काटा मोडला की आधी जागा थुंकीनं ओली करायची, मळ निघतो, काटा दिसतो. सुईनं काटा काढायचा आणि जागा झोंबली की पुन्हा थुंकी. चार दिशांना पसरलेल्या मेंढरांमागं औषधाची पेटी घेऊन कोण फिरतं? जे तोंडात आहे तेच औषध. नुसत्या सुईचं त्या लोकांना काही वाटत नव्हतं, म्हणून बिनकरंटच्या हाताला कुणी हात लावत नव्हतं. करंटनं झणझणलेली जागा मात्र झोंबायची. बबिताची पाठ फिरायची आणि अंगठा आपोआप तोंडात जायचा. सुई टोचण्याआधी स्पिरिट लावत होते. नंतर लावायचं नाही असा डॉक्टरांचाच नियम होता, कातडीवरचं खरं रसायन पुसलं जाईल म्हणून. झालं, वाट मोकळीच होती.

आणि लाळेत काय असतं? नायट्राइट असतं. तुमच्या, आमच्या, राजाच्या, रंकाच्या, सगळ्यांच्याच लाळेत असतं, आणि नळीतला द्रव नेमका त्यालाच गुलाबी होतो. हे बबितानं बीएस्सीला पाठ केलं होतं, पेपरात लिहून मार्क घेतले होते. पण पुस्तकातली लाळ वेगळी आणि हरिबाची थुंकी वेगळी, असंच कुठंतरी डोक्यात बसलेलं. दोन्ही एकच आहेत हे चार वर्षांत तिच्या ध्यानात आलं नाही. खोलीचं दार लावून तिनं काचेच्या पट्टीवर थोडी स्वतःची लाळ घेतली, द्रवात कालवली, दोन थेंब टाकले. नळी बीट उकडलेल्या पाण्यासारखी झाली. ती नळी हातात धरून ती स्टुलावर बसली.

शुक्रवारी तिनं कॉलेजातल्याच दहा जणांना धरून आणलं, त्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी होत्या, माळी होता, दोन वॉचमन होते. आधीच्या अडतिसांत यांतलंही कुणीकुणी होतंच. सुया निघाल्यावर प्रत्येकाचा बिनकरंटचा हात तिनं स्वतःच्या हातात धरून ठेवला, आणि नळी आणून द्यायला कारकुनाला उभं केलं. दहाच्या दहा जणांच्या नळ्या फिक्या आल्या. करंटच्या हातात आणि दुसऱ्या हातात नाव घेण्यासारखा फरक नव्हता. हात मोकळा झाल्यावर स्वयंपाकिणींपैकी केसरबाईनं सगळ्यांदेखत अंगठा तोंडात घालून सुईची जागा चोळली आणि हसत म्हणाली की बाई, तू धरून ठेवलंस म्हणून, न्हाईतर केव्हाच लावली असती.

मग ती डॉक्टर अमरसिंहांकडं गेली. अमरसिंह म्हणजे तालुक्यातल्या मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव. चुलते राजकारणात, घरात येणंजाणं मोठ्यांचं. पण माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्या भागातल्या दुखऱ्या मनगटांवर आपल्याला उपाय सापडलाय, आणि घाईही तेवढीच होती. बबितानं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले की झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बबिता. परीक्षक येऊन जाऊ देत, नंतर बघू. ती नाही म्हणाली. खोटं ती मांडणार नव्हती. एवढं तिला श्रेय द्यायलाच हवं.

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि तिथं त्यांना सुचलं. वस्तीवरच्या माणसांच्या नळ्या बाद करून टाकू, म्हणाले. खराब झाल्या, मान्य. पण पहिली नळी तर खराब नाही ना? ती तुझी. तू शिकलेली, तुला नियम माहीत. तुझ्यावरच पुन्हा प्रयोग करू, उद्या करू, सोमवारी त्यांच्यासमोरही करू. एका स्वच्छ हातावर निकाल उभा राहिला की बाकीचं काम पुढं वाढवता येतं. अहवालात एक वाक्य टाक, एवढंच.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसं झालं. बबिताला एकदम श्वास आला. खरंच की! पहिल्या नळीच्या वेळी तिचे दोन्ही हात टेबलावर होते, ती शपथेवर सांगू शकली असती. ती म्हणाली, “माझा हात स्वच्छ आहे, सर.” आणि त्याच बैठकीत कॉम्प्युटरपुढं बसून तिनं ते वाक्य टाईप केलं: अशिक्षित सहभागींच्या अस्वच्छ सवयींमुळे नमुना क्रमांक दोन ते एकोणचाळीस बाद करण्यात येत आहेत. नमुना क्रमांक एक ग्राह्य. क्रमांक सतरा म्हणजे चतुराबाई होती. बबिताला ते टाईप करताना आठवलं आणि तरी तिनं टाईप केलं.

शनिवारी सकाळी अकराला प्रयोग ठरला. डॉक्टर सुया मांडत होते आणि दारात चतुराबाई उभी. परवाच्या भांडणानंतर मायलेकी घरात बोलल्या नव्हत्या. सकाळी बबिता न जेवता निघाली म्हणून गहिनीनाथांनी तिला डबा घेऊन धाडली होती. ती आत येईना. बबितानं मानेनंच बस म्हटलं, तशी बाकाच्या टोकाला टेकली, डबा मांडीवर धरून. तिचं मनगट पुन्हा सुजलं होतं, बांगडी रुतली होती. बबितानं बघितलं आणि नजर वळवली.

चिठ्ठी उजव्या हाताची निघाली. सुई गेली, तारा लागल्या, करंट सुरू झाला. बबितानं दुसऱ्यांना चार वर्षं हे दिलं होतं, स्वतः घेतलं ते एकदाच. ती विसरली होती की हे एवढं झणझणतं. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्यांची रांग चालत होती. वीस मिनिटं ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली आणि एकच गोष्ट मागत राहिली, गुलाबी होऊ दे. कुणाकडं मागत होती कोण जाणे. माय समोर बसली होती, तिच्याकडं तर नक्कीच नाही.

वेळ भरली. डॉक्टरांनी करंट बंद केला, दोन्ही सुया काढल्या आणि नळ्या आणायला फ्रीजकडं वळले. जागा झोंबायला लागली. उन्हात भाजल्यासारखी, बारीक, चिवट झोंबणी. बबिताच्या मनात तेव्हा काही नव्हतं. ती सोमवारचा विचार करत होती, परीक्षकांना चहा कुठून मागवायचा याचा.

एकाएकी तिचं डावं मनगट कुणीतरी धरलं. लोकर कातरून राठ झालेला, गाठीगाठींचा हात. माय बाकावरून कधी उठली ते कळलंही नव्हतं. बबितानं खाली बघितलं. तिचा डावा अंगठा ओला होता. जिभेवर अंगठ्याची खारट चव होती. अंगठा उजव्या मनगटापासून चार बोटांवर, हवेत, मायच्या मुठीत अडकला होता.

डॉक्टरांची पाठ अजून तिकडंच होती. फ्रीजचं दार उघडं होतं, नळ्यांचा बारीक आवाज येत होता. चतुराबाईनं वर बघितलं. बबिताला वाटलं आता ही बोलणार, परवाचं सगळं परत देणार, आणि तिनं ते द्यावं असंच बबिताला वाटत होतं. पण माय अगदी हळू आवाजात, दोघींपुरतं म्हणाली,

“झोंबलं व्हय गं लई?”

बबिताला रडू फुटलं. चार वर्षांपूर्वीची ती सकाळ तिला दिसली. असंच उजव्या हाताचं झोंबणं, अशीच डॉक्टरांची पाठ. हात टेबलावरच होते असं ती म्हणत आली होती, कारण तिला ते खरंच आठवत नव्हतं. आठवणार कसं? श्वास घेतलेला कुणाला आठवतो का? पाचव्या वर्षी मायनंच मांडीवर पाय घेऊन काटा काढला होता, आणि मायनंच शिकवलं होतं, लाव थुंकी, उतरंल. देव्हाऱ्याशेजारचा तो फोटो, सगळ्या भाषणांतली ती पहिली नळी, आबा ज्याला हात बोलला म्हणायचे तो रंग, थुंकीचा होता. तिच्या स्वतःच्या थुंकीचा. आणि त्या थुंकीवर उभं राहून तिनं मायला अस्वच्छ ठरवलं होतं, कागदावर, सतरा नंबरला.

डॉक्टर नळ्या घेऊन आले. माय बाजूला सरली होती, लेकीच्या डाव्या हाताची बोटं मात्र तिनं सोडली नव्हती. डॉक्टरांना वाटलं पोरीला धीर देतेय. त्यांनी नळ्या चिकटवल्या, द्रव सोडला. वीस मिनिटं भरली आणि थेंब पडले. डावी नळी पाणी. उजवी नळी जवळजवळ पाणी. डोळे ताणून बघितलं तर कणभर रंग असेल, नसेलही. यंत्रानं सांगितलेला फरक इतका बारीक होता की त्यावर कुणी हो म्हणावं, कुणी नाही म्हणावं.

डॉक्टर म्हणाले की करंट कमी पडला असेल, तारा जुन्या झाल्यात, दुपारी पुन्हा करू. पहिल्या वेळी तिप्पट आलं होतं, ते काही खोटं नव्हतं, असंही म्हणाले. ते खोटं होतं हे माहीत असलेल्या खोलीत दोघीच होत्या. चतुराबाई भिंतीवरचं घड्याळ बघत होती. तिला घड्याळ कळत नव्हतं. ती बोलणार नाही हे बबिताला कळलं. सोमवार येईल, जाईल, पोरगी डॉक्टर होईल, आणि ही बाई मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. गप्प बसायचं सुख बबिताला त्या वेळी समोर दिसत होतं. हात पुढं केला की मिळणारं.

“सर, पहिली नळी पण बाद करा,” ती म्हणाली. “मीच थुंकी लावली होती. आत्ताही लावत होते, मायनं धरलं.”

अमरसिंहांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा तिच्या मायकडं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावून बसून राहिले. मग एवढंच म्हणाले की सोमवारी त्या लोकांना काय सांगायचं ते तूच सांग, मी शेजारी बसेन. पुढं तुझ्या पीएचडीचं काय होईल ते आता मला विचारू नकोस. आणि ते बाहेर निघून गेले, चष्मा टेबलावर विसरून.

बबितानं कॉम्प्युटर उघडला. ते वाक्य शोधलं, पुसलं. त्या जागी लिहिलं की सगळे नमुने बाद, एक ते एकोणचाळीस. कारण काय, तर झोंबल्या जागी थुंकी लावण्याची आमच्याकडची रीत, जी प्रयोग करणारीलाही होती आणि तिच्या लक्षात आली नव्हती. ‘आमच्याकडची’ या शब्दावर तिचा हात क्षणभर थांबला. तिनं तो तसाच ठेवला. माय मागं उभी राहून पडद्याकडं बघत होती. काय लिहिलंस, म्हणून तिनं विचारलं. बबितानं वाचून दाखवलं.

चतुराबाईला ते काही बरं वाटलं नाही. असलं कुणी लिहितं का, म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं की मग आता तुझं कसं? बबिता म्हणाली, माहीत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. सोमवारी तिघांसमोर उभं राहून ती काय बोलणार होती, ते काय म्हणणार होते, मंगळवारी ती या खोलीत असणार होती की नाही, काही माहीत नव्हतं. भीती मात्र होती, चांगली पोटभर होती.

माफी मागायची ती कशी मागतात तेही तिला येईना. माय, परवाचं, एवढंच तिच्या तोंडून निघालं. चतुराबाईनं ते पुरं होऊ दिलं नाही. डबा बाजूला ठेवला, रुतलेली बांगडी कशीबशी मागं सारली आणि सुजलेला हात टेबलावर, दिव्याखाली पसरला.

“घे. दुसरा हात तू धर,” ती म्हणाली. “म्या लई वढीन, सोडू नगंस.”

बबितानं नवी वही काढली. पहिल्या पानावर एकचा आकडा घातला आणि पुढं नाव लिहिलं, चतुराबाई गहिनीनाथ. नळी आणून द्यायला तिनं कारकुनाला हाक मारली. मग स्पिरिटचा बोळा घेऊन मायचं मनगट पुसलं, आणि पुसताना पहिल्यांदाच नीट बघितलं. सगळ्या मनगटावर जुन्या काट्यांच्या बारीक पांढऱ्या खुणा होत्या.